परसातील वेल आणि हौदातील मासे

बागेचा विचार मनात आला की माणूस प्रथम रोपाचा विचार करतो. कोणता वेल चढवावा, कोणते फूल लावावे, याची चर्चा घरात चार दिवस चालते. आणि पाणी कोठून आणावयाचे हा प्रश्न रोप घरी आल्यावर उपस्थित होतो. कोकणात हे चालून जाते. सोलापुरात चालत नाही. येथे पाणी आधी आणि रोप मागाहून, हा क्रम ज्याने उलटा केला त्याची बाग चैत्रात वाळली म्हणून समजावे. आज आम्ही ज्या विषयाचे विवेचन करणार आहोत तो वरवर पाहता परदेशी हौसेचा आहे. परंतु त्याच्या मुळाशी हाच क्रमाचा प्रश्न आहे.

विषय असा. युरोप-अमेरिकेत अलीकडे पुष्कळ लोक आपल्या घरामागील चार हात जागेत हॉप्स नावाचा वेल लावतात, आणि त्यांपैकी काहीजण तो मातीत न लावता माशांच्या हौदातील पाण्यावर वाढवितात. या पद्धतीस ॲक्वापॉनिक्स म्हणतात. आपण तिला मत्स्यजलशेती म्हणू. आपल्याकडील तरुण मंडळी हे वाचतात, पाहतात आणि विचारतात की, आपल्या परसात हे जमेल काय? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. वेल जमेल काय, हा एक. आणि पद्धत जमेल काय, हा दुसरा. दोहोंची उत्तरे भिन्न आहेत.

प्रथम वेलाचे पाहू. हॉप्स ही भांगेच्या कुळातील बहुवर्षायू वेल आहे. तिला द्राक्षासारखे तणावे नसतात. खोडावरच्या आकडेदार केसांनी दोरी धरून ती स्वतःच पीळ घालीत चढते, आणि तोही घेवडा ज्या दिशेने पीळ घालतो त्याच्या उलट दिशेने. एका हंगामात ती वीस फूट सहज जाते. मादीवेलास हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडे येतात. त्या खवल्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. बिअरला कडवटपणा, वास आणि टिकाऊपणा येतो तो या भुकटीमुळे. हॉप्सचे व्यापारी मोल सारे यातच आहे. आपल्या राज्यात मद्य तयार करणे हा परवान्याचा विषय आहे, हे येथे सांगून ठेवलेले बरे; परंतु वेल म्हणून तिचा विचार करण्यास कोणाची हरकत नसावी.

या वेलीचे घर उत्तरेकडे आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात हालरटाऊ नावाचा हॉप्सचा प्रसिद्ध मुलूख आहे. तेथे जून महिन्यातील सर्वांत मोठा दिवस सोळा तासांचा असतो. आपल्या देशात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात, म्हणजे बर्फाच्या शेजारी, हॉप्सची लागवड झालेली आहे. सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या किंचित वर आहे. येथील सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचाही भरत नाही. हॉप्सला दिवस मोठे असले म्हणजे उंची गाठावयाची आणि दिवस लहान होऊ लागले म्हणजे फुलावयाचे, हे ज्ञान जन्मजात असते. तेरा तासांच्या आसपास दिवस असला की वेल पुरती वाढण्यापूर्वीच फुलण्याच्या किंवा झोपी जाण्याच्या मार्गास लागते. मग उंची नाही आणि बोंडेही बेताचीच.

येथे एक शंका रास्त आहे. अडचण थंडीची आहे की उजेडाची? पूर्वी असे समजत की, हिवाळ्याची गाढ विश्रांती मिळाल्यावाचून हॉप्स फुलतच नाही. २०१९ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधनातून असे पुढे आले की, थंडीवाचूनही ती फुलते. उजेडाचे तास मात्र राखावे लागतात. फ्लॉरिडासारख्या उष्ण प्रांतात विजेचे दिवे लावून दिवस लांबविण्याचे प्रयोग झाले, ते याच कारणाने. म्हणजे सोलापुरात हॉप्स अशक्य नाही; परंतु ती मांडवाखाली दिवे जाळून वाढवावी लागेल, आणि चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळाही तिला सोसावा लागेल. हौशी माणसाने एखादी कुंडी जरूर लावून पाहावी. परसाची मुख्य वेल म्हणून तिच्यावर भिस्त ठेवू नये.

परक्या मुलखातील वेल आपल्या जिल्ह्याने कधी आपलीशी केली नाही, असे मात्र नाही. द्राक्षाचा इतिहास आपल्यासमोर आहे. द्राक्षही मूळची थंड हिवाळ्याची वेल. तिकडे ती पाने गाळून झोपते आणि वसंतात जागी होते. येथे तिला झोपविणारी थंडी नाही. म्हणून आपल्या शेतकऱ्याने कात्री हाती घेतली. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, तीत काडी तयार करावयाची. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, तीत घड घ्यावयाचा. वर्षातून दोन छाटण्या आणि पीक एक, असा हा हिशेब आहे. सोलापूरजवळील नान्नजचे द्राक्षबागाईतदार नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतील वेगळ्या निघालेल्या काड्यांवर नजर ठेवून 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हे वाण पुढे आणले. सोनाका या नावात सोलापूर, नान्नज आणि काळे या तिन्हींची आद्याक्षरे आहेत.

यातून घ्यावयाचा धडा बारकाईने घ्यावा. द्राक्षाला थंडीऐवजी कात्री चालली, म्हणून ती येथे रुजली. हॉप्सला उजेडाऐवजी कात्री चालत नाही. परके रोप आणताना ते सुंदर आहे की नाही एवढेच न पाहता, त्याची कोणती गरज आपण हाताने भागवू शकतो आणि कोणती नाही, हे पाहावयाचे असते.

वेलीचा निकाल असा लागला. आता पद्धतीकडे वळू. आणि आमच्या मते खरे घेण्यासारखे आहे ते येथेच.

मासा खातो आणि त्याच्या कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात उतरतो. अमोनिया साठला की मासाच मरतो. परंतु ओल्या आणि हवेशीर जागी, विशेषतः खडीच्या पृष्ठभागावर, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू वस्ती करतात. त्यांतील एका जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही माशाला विषारीच. दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्रेट माशाला फारसे बाधत नाही आणि वनस्पतीला ते अन्नच असते. हौदातील पाणी पंपाने खडीच्या वाफ्यात चढविले, तेथे मुळांनी आपला वाटा उचलला आणि निवळलेले पाणी पुन्हा हौदात उतरले, की फेरा पुरा झाला. माशाचा मळ वेलीचे खत होतो आणि वेलीची भूक माशाचे पाणी शुद्ध ठेवते. या व्यवस्थेत आपण बाहेरून घालतो ते माशांचे खाद्य, आणि उडून गेले तेवढे पाणी.

या पद्धतीचा पद्धतशीर अभ्यास कोठे झाला हे लक्षात घेण्यासारखे आहे. कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवर, तेथील विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी १९८० च्या सुमारापासून अनेक वर्षे हे काम केले. त्या बेटांवर गोड्या पाण्याची चणचण आहे. घराच्या छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवून लोक राहतात. ज्याला एकच घागर मिळते तोच तिच्याकडून दोन कामे करून घेण्याचा विचार करतो. तात्पर्य, ही युक्ती पाण्याच्या टंचाईतून मोठी झालेली आहे, आणि म्हणूनच ती सोलापूरच्या कानावर जाण्यास योग्य आहे.

आपल्या पाण्याचा ताळेबंद आता मांडू. शहरात वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होते. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलिमीटर पावसाचे ३५,००० लिटर झाले. वाया जाणारे सोडले तरी २८,००० लिटर हाती लागावेत. ही जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी की, उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला एक सेंटिमीटरच्या आसपास पाणी हवेत उडते. एक चौरस मीटर तोंडाच्या हौदातून म्हणजे रोज दहा लिटर, आणि तीन महिन्यांत नऊशे लिटर. एवढे पाणी काहीही न पिकवता गेले. त्या हौदावर मांडव घालून दोडक्याचा वेल चढविला तर हे नुकसान पुष्कळ कमी होते. म्हणून आमचे म्हणणे असे की, आपल्याकडे वेल केवळ भाजीसाठी लावू नये. पाण्यावर सावली धरण्यासाठी लावावी. भाजी ही तिची बक्षिसी समजावी.

ही कल्पना आपल्याला नवीन नाही. नागवेलीच्या पानमळ्यात शेवरी, पांगारा, शेवगा लावतात. ती झाडे वेलीला आधारही देतात आणि सावलीही. जुन्या वाड्यांत मोरीचे पाणी अळूच्या वाफ्यात आणि केळीच्या बुडाशी सोडलेले असे. भांडी घासून झालेले पाणी दुसऱ्यांदा कामास लावण्याची ही रीत आपल्या घरच्या बायकांनी कोणत्याही पुस्तकावाचून चालविली होती. मत्स्यजलशेती म्हणजे त्याच रीतीला शास्त्राची जोड.

आता प्रत्यक्ष कृती. पाचशे लिटरचा एक हौद किंवा गडद रंगाची टाकी घ्यावी. उजेड शिरला की शेवाळ माजते. शेजारी, हौदाच्या काठापेक्षा थोड्या उंच ओट्यावर, एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल असा खडीचा वाफा करावा. खडी आपल्या काळ्या दगडाची, हरभऱ्याहून मोठी, धुऊन घेतलेली असावी. चुनखडीचा दगड नको. पाणी चढविण्यास हवेच्या कूलरमध्ये असतो तो लहान पंप पुरतो. तो साधारण वीस वॉटचा असतो. अखंड चालविला तर दिवसाला अर्धे युनिट वीज खातो, आणि तासातून पंधरा मिनिटे चालविला तर त्याच्या चौथाई. वाफ्यातून पाणी उतरताना थोड्या उंचीवरून हौदात पडू द्यावे, म्हणजे त्यात हवा मिसळते.

वजनाचा विचार येथेच करावा. पाणी आणि खडी मिळून हा संसार एक टनाच्या घरात जातो. ज्यांची घरे जुन्या माळवदाची आहेत त्यांनी तो छतावर नेण्याचा विचारही करू नये. परसातील जमीन हीच त्याची जागा. सिमेंटच्या गच्चीवरही जाणत्या माणसाला दाखविल्यावाचून ठेवू नये.

हौद सिमेंटचा नवा असेल तर तो दोन-तीन आठवडे पाण्याने भरून, ते पाणी अनेकदा बदलावे. नव्या सिमेंटचा चुना माशांना सोसत नाही. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरिन असते; ते माशांना आणि आपल्या उपयोगी जिवाणूंनाही मारते. असे पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग घालावे. पावसाचे साठविलेले पाणी मिळाले तर त्याहून चांगले.

आणि मग धीर धरावा. जिवाणूंची वस्ती बसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी पन्नास मासे सोडून आठव्या दिवशी ते उताणे झालेले पाहणे, हा या छंदातील नेहमीचा अपघात आहे. प्रारंभी चार-पाच मासे आणि चिमूटभर खाद्य. पाण्यातील अमोनिया तपासण्याची पेटी शोभेच्या माशांच्या दुकानात मिळते, तिने तपासून मग हळूहळू संख्या वाढवावी. किती वाढवावी याचाही हिशेब आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेनुसार एक चौरस मीटर पालेभाजीस रोज चाळीस ते पन्नास ग्रॅम माशांचे खाद्य लागते. मासा आपल्या वजनाच्या दोन टक्के खातो असे धरले तर एका वाफ्यास दोन किलो वजनाचे मासे पुरेसे झाले. आणि पाचशे लिटर पाण्यात ते दाटीवाटीवाचून राहतात.

मासे कोणते? आपल्या शहरात शाकाहारी घरे पुष्कळ आहेत, आणि मासे पाळावयाचे म्हटले की आजीबाई कपाळाला आठ्या घालतात. त्यांना सांगावे की, मासा येथे ताटात येण्यासाठी नाही. तो आपला माळी आहे. गोल्डफिश, कोई अशा शोभेच्या माशांवर हे काम उत्तम चालते. ज्यांना मासे खावयाचे आहेत त्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: थाई मागूर पाळण्यास आपल्या देशात बंदी आहे, आणि तिलापिया पाळण्यास शासनाची परवानगी लागते.

वाफ्यात आधी पालक, पुदिना, अळू, मायाळू लावावीत. मायाळू ही वेलही आहे आणि पालेभाजीही. उष्णता तिला मानवते, आणि हॉप्सप्रमाणेच ती दोरीवर पीळ घालीत चढते. हॉप्सची हौस सोलापुरात कोणी भागवील तर ती मायाळूच, असे आम्हांस वाटते. वाफा जुना झाला म्हणजे मग दोडका, कारले, घोसाळे यांसारख्या फळवेली लावाव्यात, कारण फळाला नत्राबरोबर पालाशही हवा असतो आणि तो माशांच्या पाण्यात बेताचाच असतो.

या पद्धतीचे दोषही सांगितले पाहिजेत. पहिला दोष उष्णतेचा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांच्या पाण्यात साडेसात. म्हणजे माशांना जेव्हा अधिक हवा लागते तेव्हाच पाणी ती कमी धरते. अशा वेळी दुपारी वीज गेली तर तासा-दोन तासांत जीव धोक्यात येतो. घरातील कोणीतरी तांब्याने पाणी उचलून उंचावरून पुन्हा हौदात ओतीत राहिले तर वेळ निभावते. पण ते कोणी करावे हे आधी ठरलेले असावे. दुसरा दोष पाण्याच्या जडपणाचा. आपल्या भागातील विहिरी-बोअरचे पाणी क्षारयुक्त असते. अशा पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही; पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. उसाचे शेतकरी याला केवडा म्हणतात. चिलेटेड लोह थोडे घातले की पाने पुन्हा हिरवी होतात. तिसरा दोष असा की, या बागेला सुट्टी नाही. कुंडी चार दिवस विसरता येते. मासा विसरता येत नाही.

म्हणून प्रत्येक घराने हौद बांधावा असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरी माणसे दिवसभर बाहेर असतात त्यांनी सोपा मार्ग धरावा. बिनभाजणीचे नव्हे, भाजलेले पण रोगण न लावलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे, पाण्याने भरून त्यावर झाकण ठेवावे, आणि भोवती तीन-चार वेलींचे बी टोकावे. मडक्यातून पाझरते तेवढेच पाणी मुळे पितात. उन्हाला त्यातील थेंब सापडत नाही. जमीन पालापाचोळ्याने झाकावी. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे मूळचे गणिताचे अध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून द्राक्षबागाईतदारांपासून शहरातील गच्चीवाल्यांपर्यंत अनेकांना हेच शिकविले की, झाडाची पडलेली पाने हा कचरा नसून तेच झाडाचे भांडवल आहे. ते कुजवून घरच्या घरी उत्तम माती करता येते. स्वयंपाकघरातील भाजीचे देठ आणि साली यांचीही तीच गत करावी.

हौदाचा मार्ग खरा कोणासाठी, असे विचाराल तर आमचे उत्तर असे: ज्यांच्या घरी पाणी आधीच साठविले जाते त्यांच्यासाठी. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले आणि पुढे शंभर किलोमीटरवरून त्याचे पाणी शहरात आले. तरीही नळाला काही दिवसांआड पाणी येण्याचा अनुभव सोलापूरकरांनी वर्षानुवर्षे घेतला आहे. त्यामुळे पिंपे, टाक्या, हौद हे येथल्या घराचे अवयवच झाले. साठलेल्या पाण्यात डास अंडी घालतात, आणि डेंग्यूचा डास तर स्वच्छ पाणीच पसंत करतो. तापाने फणफणलेले पोर घेऊन दवाखान्यात बसलेल्या आईला हा प्रश्न हौसेचा वाटणार नाही. पाणी वाचवावयाचे म्हणून साठविले आणि त्यानेच घरात आजार आणला, हा आपल्या शहरापुढचा पेच आहे.

त्या पेचातून मासा थोडी वाट काढतो. गप्पी नावाचा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा मासा डासांच्या अळ्या आवडीने खातो. हिवताप प्रतिबंधाच्या कामात आरोग्य खाते तो हौदांत सोडीत आले आहे. बागेच्या हौदात मोठ्या माशांबरोबर किंवा एकटे गप्पी ठेवले, तर एकाच पाण्यावर डासांचा बंदोबस्त, वेलीचे खत आणि परसातील गारवा अशी तीन कामे होतात. पिण्याचे पाणी मात्र निराळे, झाकलेले असावे, आणि ती भांडी आठवड्यातून एकदा कोरडी करून घासावीत. डासाची अंडी भांड्याच्या कडेला कोरडीच चिकटून महिनोन्‌महिने टिकतात. तसेच गप्पी मासे सिद्धेश्वर तलावात किंवा हिप्परग्याच्या तलावात नेऊन सोडू नयेत. ते परदेशी आहेत, भराभर वाढतात, आणि तेथल्या मूळच्या माशांचा घास काढून घेतात.

हॉप्सच्या वेलीने आपल्याला येथवर आणून सोडले. ती स्वतः आपल्या मांडवावर चढेल असा संभव थोडा. परंतु ती ज्या हौदाच्या पाण्यावर परदेशात वाढते, त्या हौदाचा हिशेब आपल्या उपयोगी पडण्यासारखा आहे. या वर्षी ज्यांना बाग करावयाची असेल त्यांनी रोपवाटिकेत जाण्यापूर्वी एक काम करावे: घरात दिवसाला किती पाणी येते, किती मोरीवाटे जाते आणि किती उन्हात उडते, हे आठ दिवस कागदावर मांडावे. तो कागद समोर ठेवला म्हणजे कोणता वेल लावावा हे त्यांना कोणास विचारावे लागणार नाही.